एकोणतीसचा पाढा

जेवायला बसण्याआधी अनिमेषने खिडकीचा पडदा ओढून घेतला. दुपारचे दोन वाजले होते. जेद्दाच्या अल अझीझिया भागात हाशमचं दुकान होतं आणि वरच्या मजल्यावर त्याचं घर. हाशम, त्याचा जुना मित्र शिरीष आणि शिरीषचा मुलगा अनिमेष, असे तिघंच जेवायला होते.

"बंद कशाला केलंस? एसी चालू आहे की," हाशम म्हणाला.

"उजेड डोळ्यांवर येतोय, चाचा."

कोपऱ्यात अनिमेषची लॅक्रॉसची स्टिक उभी होती. लांब दांडा आणि टोकाला जाळी. हाशमने ती उचलून हलवून पाहिली. "आमच्या जयगडला असल्या झोळीनं खेकडे धरतात. तू अमेरिकेत जाऊन तेच करतोस आणि लोक टाळ्या वाजवतात."

अनिमेष हसला, पण उशिरा. ते शिरीषने पाहिलं.

शिरीष जेद्दाजवळच्या राबिघच्या रिफायनरीत बावीस वर्षं इन्स्ट्रुमेंट इंजिनिअर होता. काटा खरं दाखवतोय की खोटं, हे ओळखणं हेच त्याचं काम. काल सेमीफायनलमध्ये मुलाच्या हेल्मेटवर समोरच्याचा खांदा बसला होता. अनिमेष पडला, उठला, पुढचा गोलही त्यानेच केला. भारताचा संघ फायनलला गेला. आज संध्याकाळी ती मॅच होती.

"रुकय्या किती वाजता येणार?" अनिमेषने विचारलं.

रुकय्या ही हाशमची मुलगी. जेद्दातच डॉक्टर होती आणि या स्पर्धेपुरती भारतीय संघाबरोबर होती.

"आत्ताच सांगितलं ना, ती थेट ग्राउंडवर येणार आहे. कानात बोळे घातलेस काय?"

अनिमेषने मान खाली घातली. दोन घास खाऊन तो बाथरूममध्ये गेला आणि त्याने नळ पूर्ण सोडला. शिरीष उठून दाराबाहेर उभा राहिला. नळाच्या आवाजातूनही त्याला आतलं ओकणं ऐकू आलं.

दार उघडल्यावर बापलेक समोरासमोर आले.

"कितवा?" शिरीषने विचारलं.

"काय कितवा?"

"डोक्याला मार."

अनिमेषने टॉवेलने तोंड पुसलं. "या वर्षातला तिसरा. पहिले दोन अमेरिकेतल्या क्लबला माहीत आहेत. याचं नाव काढू नकोस."

"तिसऱ्यानंतर काय होतं?"

"खेळ बंद. एक सीझन, किंवा कायमचा." त्याने आवाज खाली आणला. "सोमवारी क्लबची यादी लागते, बाबा. मिडफिल्डरच्या दोन जागा आहेत आणि माणसं पाच. आज संध्याकाळी चाळीस मिनिटं काढली की झालं."

"रुकय्या तपासेलच की."

"तपासू दे. सीझनच्या आधी धडधाकट असताना एक टेस्ट घेतात. शब्द लक्षात ठेवायचे, आकडे उलटे म्हणायचे. नंतर मार बसला की त्या मार्कांशी ताडून बघतात. ती पहिली टेस्ट मी मुद्दाम वाईट दिली होती. आज डोकं ठिकाणावर नसलं तरी मार्क तेवढेच पडतील. पुष्कळ जण करतात असं."

शिरीषला प्लांटमधली एक गोष्ट आठवली. नऊ वर्षांपूर्वी प्लांटमधल्या एका टेक्निशियनने वारंवार वाजणाऱ्या गॅस डिटेक्टरचा झिरो, म्हणजे मोजणी जिथून सुरू होते तो बिंदू, खाली सरकवून ठेवला होता. पॅनलवर सगळं हिरवं दिसत होतं. शिरीषने त्याला त्याच दिवशी गेटबाहेर काढलं होतं.

"झिरो सरकवलास तू," तो म्हणाला.

"आई गेल्यापासून माझ्याकडे एवढंच उरलंय, बाबा. बोलणार नाहीस ना? आईची शपथ घे."

शिरीषने शपथ घेतली नाही. पण नाही म्हणायलाही त्याची जीभ रेटली नाही. एकच मॅच आहे, त्याने मनाशी म्हटलं. उद्या बघू.

हेच शब्द तो आधी एकदा बोलला होता. चौदा महिन्यांपूर्वी त्याची बायको अनुराधा म्हणाली होती की आज डोकं फार दुखतंय. प्लांटमध्ये वार्षिक दुरुस्तीचा शटडाऊन चालू होता. बूट चढवताना त्याने सांगितलं होतं, गोळी घे, उद्या बघू. डोक्यात रक्तस्राव झाला होता, हे डॉक्टरांनी त्याला दुपारी सांगितलं. तोवर ती गेली होती.

ग्राउंडवर पोचेपर्यंत मगरिबची अजान झाली होती आणि दिवे लागले होते. अनिमेष काळा चष्मा लावून संघाच्या बसमधून उतरला आणि हेल्मेट घालायच्या क्षणी त्याने तो काढला. शिरीष आणि हाशम संघाच्या बाकामागच्या कठड्याला टेकून उभे राहिले.

हा खेळ घरात आला तो राबिघच्या कंपाउंडमध्ये. शेजारी एक कॅनडाचा इंजिनिअर होता. त्याने दहा वर्षांच्या अनिमेषच्या हातात स्टिक दिली. तिची जाळी सारखी सैल व्हायची. ती विणायची कशी, हे अनुराधा त्या माणसाच्या बायकोकडून शिकली. अनिमेष स्टिक धरून बसायचा आणि त्याने चुळबूळ करू नये म्हणून ती त्याच्याकडून पाढे म्हणून घ्यायची. सुलटे पाठ झाल्यावर उलटे. एकोणतीसचा उलटा पाढा जमला त्या दिवशी तिने साखरभात केला होता. पुढे तो स्कॉलरशिपवर अमेरिकेला गेला, व्यावसायिक लीगमध्ये पाच सीझन खेळला, पण प्रत्येक मॅचच्या आधी हेल्मेटच्या आत तोच उलटा पाढा पुटपुटायचा. अनुराधाला ते स्क्रीनवर त्याच्या ओठांवरून कळायचं. "झाला याचा पाढा," ती म्हणायची. "आता पळेल."

आज चेंडू मध्यावर ठेवला गेला तेव्हा शिरीषने मुलाच्या ओठांकडे पाहिलं. ओठ हलले आणि मध्येच थांबले. पुन्हा हलले, पुन्हा थांबले. शिट्टी वाजली.

मिडफिल्डरने मैदानाच्या दोन्ही टोकांना पळायचं असतं, हल्ल्यालाही आणि बचावालाही. अनिमेष पळत होता. त्याने एक गोल केला. दुसऱ्या क्वार्टरमध्ये आपल्याच गोलकीपरने फेकलेला साधा चेंडू त्याच्या स्टिकच्या वीतभर बाजूने गेला आणि त्याला तो दिसलाच नाही. मग एक साधी धडक झाली, खांद्याला खांदा. त्याने गुडघा टेकला. उठायला त्याने स्टिकचा आधार घेतला.

रुकय्याने हात वर करून त्याला बाहेर घेतलं. बाकावर बसवून तिने टॅब काढला. शब्द विचारले, आकडे विचारले, एका पायावर उभं केलं. शिरीष कठड्यावरून ऐकत होता. चुका होत होत्या. रुकय्याने क्लबकडून आलेले जुने मार्क उघडले आणि कपाळाला आठी घातली.

"मूळ टेस्टइतकेच आहेत," ती कोचला म्हणाली. "याच्यावरून मी थांबवू शकत नाही."

अनिमेष उठला. रुकय्या मात्र उठली नाही. ती कठड्याकडे वळली.

"काका, दुपारी घरी हा ठीक होता ना?"

अनिमेषने हेल्मेटमधून बापाकडे पाहिलं. पट्टा लावताना त्याची बोटं थांबली होती. शिरीषने कठडा घट्ट धरला. तिकडे शिट्टी झाली आणि पंचाने दोन बोटं दाखवली. दोन मिनिटांत खेळ सुरू होणार होता.

"त्या मार्कांशी ताडू नकोस," शिरीष म्हणाला. "ते खोटे आहेत. त्याने मुद्दाम कमी पाडलेत. दुपारी त्याला उलटी झाली."

"बाबा."

"उजेड सहन होत नाहीये त्याला."

अनिमेष रुकय्याकडे वळला. आवाज अगदी शांत होता. "आई गेल्यापासून ते असेच झालेत. मी शिंकलो तरी घाबरतात. तू डॉक्टर आहेस ना? तुझ्या हातात टेस्ट आहे. तिच्याप्रमाणे वाग."

रुकय्याने एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे पाहिलं. कोच घड्याळ बघत होता.

काट्याचा भरवसा उरला नाही की तो काढून खात्रीच्या वजनावर लावून तपासायचा असतो. शिरीषने आयुष्यभर तेच केलं होतं.

"अनिमेष, एकोणतीसचा पाढा म्हण. उलटा."

"वेड लागलंय का तुला?"

"पाढा म्हणून दाखव," रुकय्या म्हणाली. "म्हण. जमला तर जा."

अनिमेषने श्वास घेतला. "दोनशे नव्वद. दोनशे एकसष्ट. दोनशे बत्तीस." तो सहज चालला होता. शिरीषला क्षणभर वाटलं, आपणच चुकलो. चुकलेलं त्याला चाललंही असतं.

"दोनशे तीन," अनिमेष म्हणाला.

मग तो थांबला. ओठ हलले, आवाज आला नाही. पुन्हा म्हणाला, "दोनशे तीन." त्याचे डोळे बापावर होते आणि त्यातला राग हळूहळू गेला. राहिली ती भीती. लहानपणी तापात असाच बघायचा तो.

रुकय्याने हात पुढे करून हेल्मेट काढून घेतलं आणि काखेत धरलं.

"खलास," ती कोचला म्हणाली. "हा आज खेळत नाही."

हाशमने गाडी काढली. रुकय्याने हॉस्पिटलला फोन करून स्कॅनची तयारी करायला सांगितलं आणि ती पुढे बसली. मागे अनिमेष डोळ्यांवर ओला टॉवेल ठेवून होता. स्टिक दोघांच्या मध्ये आडवी पडली होती. ट्रॅफिकमध्ये अर्धा तास गेला. मग रुकय्याच्या फोनवर निकाल आला. तिने तो हाशमला हळूच सांगितला, पण गाडीत सगळ्यांना ऐकू गेला. भारत एका गोलने हरला होता.

शिरीषने मुलाच्या हाताकडे पाहिलं. धरावा की नाही, हे त्याला ठरवता येईना.

"बाबा," अनिमेष टॉवेलखालून म्हणाला. "दोनशे तीननंतर काय?"

"एकशे चौऱ्याहत्तर."

"एकशे चौऱ्याहत्तर." त्याने तो आकडा दोनदा म्हटला. "मी मुद्दाम नाही थांबलो. तिथे काहीच नव्हतं. आईचा आवाजसुद्धा येतो त्या पाढ्यात मला. आज तोही नव्हता."

हाशमने सिग्नलला गाडी थांबवली.

सिग्नल सुटल्यावर अनिमेष म्हणाला, "क्लबला कळवावं लागेल. तिसरा मार, आणि ती पहिली टेस्ट खोटी होती तेही. उद्या सकाळी कळवतो."

"उद्या नाही," शिरीष म्हणाला. "आत्ता."

अनिमेषने खिशातून फोन काढला. स्क्रीन उजळताच त्याने तोंड फिरवलं. त्याला अक्षरं बघवेनात. त्याने फोन चाचपडत बापाच्या हातात दिला.

"तू लिही. मी सांगतो तसं."

शिरीषने चष्मा लावला आणि लिहायला घेतलं.