तीन नंबरचा पोर्ट

रेनो कांगसने नकाशाचा प्रोग्राम तिसऱ्यांदा काढून पुन्हा घातला, आणि पडद्यावर पुन्हा तेच आलं: पोर्ट उघडता येत नाही.

शनिवारी कुत्र्यांनी ओढायच्या गाड्यांची शर्यत होती. कुठली गाडी बर्फात कुठे आहे हे पुलापाशी तंबूत बसून नकाशावर बघायचं काम अकरा वर्षं त्याची बायको आयली करायची. गाड्यांवरची छोटी यंत्रं आपला ठावठिकाणा हवेत सोडत, रेडिओ तो पकडे आणि वायरीतून संगणकाला देई. ऑक्टोबरमध्ये आयली गेली. दफनानंतरच्या जेवणात रेडिओ क्लबवाल्यांनी विचारलं, आता त्या टेबलावर कोण? रेनो बोलून गेला, "मी." त्याला रेडिओवर बोलता येत होतं, बाकी काही नाही. आज गुरुवार. संध्याकाळपर्यंत नकाशा चालला नाही तर क्लब तिचं टेबल दुसऱ्या कुणाला देणार होता.

जुनी वायर उंदरांनी खाल्ली होती. नवी आणली, तर ही बोंब.

त्याने क्लबातल्या मित्राला, ड्वेनला फोन लावला.

"रेडिओवर का नाही आलास?" ड्वेन म्हणाला.

"रेडिओ संगणकाला जोडलाय. एकतर तुझ्याशी बोलेन, नाहीतर त्याच्याशी."

"त्याच्याशी बोलतोयस कुठे, शिव्या देत असशील. नव्या वायरीला पोर्टचा नंबर काय पडलाय बघ."

"अकरा."

"मग बरोबर. तुझा प्रोग्राम म्हातारा झालाय, त्याला आठपर्यंतच मोजता येतं. खालचा एखादा नंबर दे."

रेनोने यादी उघडली. एकपासून आठपर्यंत प्रत्येकापुढे 'वापरात' असं होतं.

"कोण वापरतंय?" तो म्हणाला. "घरात मी एकटा आहे."

ड्वेन म्हणाला, "वर बघ, लपलेली यंत्रं दाखव असं असेल. ते दाब."

आठ फिकट ओळी वर आल्या. सगळ्या सारख्याच.

"ही पूर्वी कधीतरी जोडलेली यंत्रं. काढून नेली तरी संगणक त्यांची जागा राखून ठेवतो. प्रोग्राम तीन नंबर शोधतोय ना? मग तीन पुसून टाक."

कपाटाच्या दाराला आतून, पॅस्टी या सारण भरलेल्या भाजक्या पदार्थाच्या पिठाचं माप लिहिलेल्या चिठ्ठीखाली, आयलीने एक कागद चिकटवला होता. रेनोने दार उघडलं. एक, सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या छपरावरचं वारं मोजायचं यंत्र. दोन, जुना जीपीएस. तीन, रेडिओ. त्यापुढे लिहिलं होतं: रेनो, याला हात लावायचा नाही.

"चार पुसलं तर?" त्याने विचारलं.

"चालेल. पण मग प्रोग्रामच्या आत शिरून सगळं बदलावं लागेल. ते आयलीला यायचं. मला येत नाही, आणि तुला तर नाहीच नाही."

रेनोने कागदावरच्या तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं.

"अरे, ती वायर उंदराच्या पोटात गेली. राखतोयस काय?"

"तिने लिहून ठेवलंय, हात लावू नको म्हणून."

"तू सगळ्याची वाट लावतोस म्हणून लिहिलं होतं, बाबा."

ते खरं होतं. रेनोने तिसरी ओळ निवडली. संगणकाने विचारलं, नक्की काढायचं का?

"हा विचारतोय, नक्की का?"

"हो म्हण."

त्याने दाबलं. ओळ गेली. काही आवाज झाला नाही. नव्या वायरीला तीन नंबर दिला, प्रोग्राम उघडला आणि नकाशा आला: नदी, पूल, आणि त्यांच्या घरावर एक खूण.

"दिसलास!" ड्वेन ओरडला. "माझ्या नकाशावर आलास तू. मी क्लबला सांगतो, टेबल तुझंच."

"आता काय करायचं?"

"काही नाही. बसायचं आणि बघत राहायचं."

"दिवसभर ती एवढंच करायची?"

"एवढंच."

ड्वेनने फोन ठेवला. रेनोने खुर्ची ओढली आणि बसला. गाड्या शनिवारी निघणार होत्या. आज सगळ्या पांढऱ्या नकाशावर त्याच्या घराची तेवढी खूण होती, आणि ती हलत नव्हती. कपाटाचं दार उघडंच होतं, आतला आयलीचा कागद दिसत होता. उठून ते लावावं असं त्याला दोनदा वाटलं, पण तो उठला नाही.