पऱ्हाट्यांचं तेल

कापूस वेचून संपला की मोहनरावांच्या रानातल्या पऱ्हाट्या माझी आई, दगडाबाई, उपटून द्यायची. मजुरी नाही, उपटेल तेवढं सरपण तिचं. मी गॅसची टाकी आणून दिली, तरी बाई ऐकेल तर शपथ. अंगणात ढीग रचायची आणि भाकरी चुलीवरच भाजायची. तिच्या लुगड्याला, केसांना कायम तो धुराचा वास. माघात ती गेली. ढीग तसाच राहिला.

मी अंबाजोगाईच्या कॉलेजात पऱ्हाट्यांपासून इंधन करायच्या खटपटीत आहे. भुगा बंद भट्टीत तापवायचा, वाफ थंड केली की काळं तेल उतरतं. ते इंजिनाला चालत नाही. म्हणून उत्प्रेरकावरून न्यायचं. मग आंबटपणा जातो, धुराचा वास जातो, डिझेलसारखं नितळ इंधन मिळतं. मिळावं, असं पुस्तकात आहे. आमच्याकडे नुसता गाळ निघत होता.

भुगा कमी पडला, म्हणून धाकट्या भावाला, प्रवीणला, आईच्या ढिगातली एक मोळी मागितली. त्याने अख्ख्या ढिगाचा यंत्रात भुगा करून पोती धाडली.

"एकच मोळी सांगितली होती ना रे!"

"ताई, तुझ्या कामाला कमी पडू न्हाई म्हनून समदंच धाडलं. आईनंबी तेच केलं असतं."

मी डोक्यात राख घालून घेतली आणि फोन ठेवला.

त्या भुग्याचं काळं तेल उतरलं. बाटलीचं झाकण काढलं, आणि आई आली. शाळेतून आल्यावर तिच्या पदरात तोंड खुपसायचे मी, अगदी तीच. मला ती हवी होती. एवढी मोठी झाले तरी हवी होती. एक बाटली मी कपाटात मागे दडवली.

आठवड्यात तेल दाट व्हायला लागलं. कच्चं तेल टिकत नाही, हे मीच पोरांना शिकवते. वासही कडवट होत चालला.

"पंचशीला, ठेवून त्याचं डांबर होईल," आमचे आसाराम सर हळूच म्हणाले. त्यांना कपाट ठाऊक होतं तर!

शेवटचा पोटभर वास घेतला आणि ती बाटलीही उत्प्रेरकाच्या यंत्रात ओतली.

संध्याकाळी नितळ, पिवळसर थेंब पडू लागले. सरांनी हुंगून पाहिलं. "धुराचा वासच नाही गं! जमलं!" पोरांनी टाळ्या पिटल्या. मीही हसले.

मग ती कुपी घेऊन खिडकीशी गेले आणि पुन्हा पुन्हा हुंगत राहिले. रॉकेलसारखा हलका वास होता. आई नव्हती.