पत्ता सांगा

"पत्ता सांगा, एलुनेड आंटी."

काउंटरपलीकडच्या म्हातारीने हातातली पिशवी खाली ठेवली. "तुझ्या बारशाचा केक मी केला होता, मेन्ना. आणि आता मलाच पत्ता विचारतेस होय?"

"सांगा ना."

एलुनेडबाईंनी सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात पत्ता सांगितला. मेन्नाने तो पुडक्यावरच्या पत्त्याशी ताडून पाहिला आणि मगच औषध दिलं. मागची माणसं चुळबुळली. पण ती का विचारते ते गावाला ठाऊक होतं.

वेल्समधल्या त्या खाणींच्या गावात रॉबर्ट्स पैशाला पासरी, आणि ग्लिन रॉबर्ट्स दोन. एक चॅपेलमध्ये, गावच्या प्रार्थनाघरात, ऑर्गन वाजवायचा, दुसरा दगडाच्या खाणीतून निवृत्त झालेला. ग्लिन ऑर्गन आणि ग्लिन खाण म्हटलं की भागायचं. मागच्या हिवाळ्यात ग्लिन ऑर्गन रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला आला आणि मेन्नाने नाव वाचून पुडकं दिलं. पत्ता विचारायचा नियम होता. पण ज्याच्या ऑर्गनवर ती लहानपणापासून गात आली, त्याला राहता कुठे म्हणून विचारायचं म्हणजे परकं करण्यासारखंच. पुडकं खाणवाल्याचं निघालं, मधुमेहाच्या गोळ्यांचं. त्या घेऊन रक्तातली साखर उतरली आणि ग्लिन ऑर्गन चॅपेलच्या पायरीवर कोसळला. जीव वाचला, पण मनगट असं मोडलं की ऑर्गन कायमचा सुटला.

तरी कोर्टात तोच तिच्या बाजूने उभा राहिला. "पोरीचा काय दोष? गोळ्या कसल्या ते मी तरी कुठे वाचलं?"

न्यायाधीशांनी आदराने ऐकून घेतलं. वकिलाने मेन्नाला आधीच बजावलं होतं, की मनात काय होतं हे हा कायदा विचारत नाही. चुकीचं औषध तुमच्या हातून गेलं, तिथेच गुन्हा पुरा झाला. औषधांचं दुकान ज्या कंपनीचं, तिने पत्ता विचारायचा नियम लिहून दिलेला होता, त्यामुळे कंपनी मोकळी. सगळेच मेन्नाशी गोड बोलत होते, आणि तेवढ्यात ती गुन्हेगार ठरलीसुद्धा. कोणी खोटारडी म्हटलं असतं, तर निदान भांडता तरी आलं असतं.

तुरुंग टळला. दुकान सोडावं असं तिच्या फार मनात होतं, पण शिक्षा झालेल्या बाईला दुसरीकडे घेणार कोण? कंपनीलाही त्या आडगावात यायला दुसरं कोणी मिळेना. मेन्ना पुन्हा त्याच काउंटरमागे उभी राहिली.

रांगेत शेवटी इदवल होता, तिचा नवरा. हृदयाच्या गोळ्या न्यायला आला होता, काखेत संध्याकाळचा पाव. तिने पुडकं उचललं, पण पुढे केलं नाही.

"पत्ता सांगा."

इदवल हसला. मग तिचं बोट पुडक्यावरच्या पत्त्यावर टेकलेलं त्याला दिसलं.

"मेन्ना, मी आहे."

"माहीत आहे मला. सांगा."

त्याने डोक्यावरची टोपी काढली, पाव काउंटरवर ठेवला आणि आपल्या घराचा पत्ता सावकाश सांगितला. तिने पुडक्यावरच्या एकेका शब्दावर बोट ठेवत तो ताडून पाहिला.