गाजरांना लावलेली माती

मी भाजीवाला. कोपऱ्यावरचं दुकान माझं, वडिलांच्या वेळेपासूनचं. आधीच सांगून ठेवतो, मला भाजी आवडते, गिऱ्हाईक आवडत नाही. गिऱ्हाईक हा भाजीला लागलेला रोग आहे. पण त्याच्यावाचून दुकान चालत नाही, म्हणून सहन करायचं.

आता आमच्या अंगठेबाईच घ्या. हे नाव मी ठेवलंय, तोंडावर नाही घेत. समोरच्या बिल्डिंगमध्ये राहतात. वर्षानुवर्षं माझ्या दुकानात आल्या. पावकिलो टोमॅटो घ्यायचे आणि दोन किलोंना अंगठा दाबून जायचं. त्यांनी दाबलेला टोमॅटो संध्याकाळपर्यंत बसतो, मग तो मी कुणाच्या गळ्यात मारू? बरं, एवढ्या वर्षांत बाईंनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं नाही. पैसे देतानासुद्धा नजर टोमॅटोवर. वर, "लिंबू टाका हो एक, कसले कंजूष तुम्ही!"

पण एक गोष्ट छातीठोक सांगतो. माझ्या दुकानात खोटं चालत नाही. कालची भाजी कालची म्हणूनच विकतो. "बाई, ही आजच शिजवा, उद्यापर्यंत टिकायची नाही," असं तोंडावर सांगतो. वडील म्हणायचे, माल विक, जीभ विकू नकोस. माणूस मोठा तिरसट होता, पण हे बोलला ते खरं बोलला.

तर या अंगठेबाई आणि त्यांच्यासारख्या डझनभर बाया-बापये एकाएकी रविवारचे यायचे बंद झाले. चौकशी केली तर कळलं, शेतकरी बाजार सुरू झालाय. म्हणे शेतकरी स्वतः येतो, स्वतः पिकवलेलं स्वतः विकतो, मध्ये दलाल नाही. दलाल म्हणजे मी! पहाटे अंधारात उठून घाऊक बाजारात क्रेट उपसणारा, कमरेचा काटा ढिला करून घेतलेला मी, यांना दलाल वाटतो. जाऊ द्या म्हटलं. दुरून डोंगर साजरे. चार रविवार दुप्पट भाव मोजला की येतील झक मारत.

आले नाहीत ते नाहीतच, उलट आमची पोरगीही तिकडेच गेली.

आमची कन्या म्हणजे दुकानाचा उजवा हात. लहानपणी काउंटरच्या खाली बसून अभ्यास केलेली. माल ओळखते, हिशेबाला चोख, आणि माझ्यासारखी फटकळ नाही. माझ्यामागे दुकान तिनेच चालवायचं, हे मी मनाशी पक्कं धरलेलं. शटरवर तिचं नाव घालायचं, रंगाऱ्याशी बोलूनही ठेवलं होतं. तर ही बया रविवारी सकाळी मैत्रिणीकडे जाते म्हणायची, आणि तिच्याबरोबर माझा निवडून बाजूला काढलेला मालही गायब व्हायचा. वाकडी गाजरं, किडकी कोबी, चट्टे पडलेली वांगी. मला वाटायचं, कुणाच्या खतासाठी नेत असेल. चांगलं आहे, कचरा कमी.

एका रविवारी सकाळी चहा देता देता बायको म्हणाली, "चिडणार नसाल तर एक सांगू?"

लग्नाला इतकी वर्षं झाली, मी न चिडता ऐकलेली एक गोष्ट या बाईने दाखवावी. तरी म्हटलं, "सांग."

"पोरीने त्या बाजारात टेबल लावलंय. तुमचा तो टाकाऊ माल विकते. छान चाललंय तिचं. आज त्यांची समिती ठरवणार आहे, तिला कायमची जागा द्यायची का ते. मिळाली तर ती दुकानात बसायची नाही म्हणाली."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्याच घरातली, माझाच कचरा, शेतकऱ्याचा म्हणून विकतेय! आणि त्यासाठी माझं दुकान सोडणार! मी चहा तसाच ठेवला. शटर अर्धं उघडलं होतं ते खाली ओढलं. रविवारी सकाळी आमचं दुकान बंद, हे वडील वारले तेव्हासुद्धा झालं नव्हतं. मला फक्त तिथे जाऊन तोंड उघडायचं होतं. समितीसमोर एक वाक्य बोललो की खेळ खलास, आणि पोरगी दुपारपर्यंत परत काउंटरवर.

पण तो बाजार सापडेल तर शपथ. बायको म्हणे, जागा दर रविवारी बदलते आणि फक्त सभासदांच्या ग्रुपवर कळवतात. वा रे वा! शेतकऱ्याचा बाजार, आणि पत्ता चोरट्या मालासारखा लपवायचा. चौकात एका रिक्षावाल्याला विचारलं, तो म्हणाला, "भाजीच पाहिजे ना? त्या कोपऱ्यावर दुकान आहे बघा." माझंच दुकान दाखवलं मेल्याने. मग माझ्या लक्षात आलं, रस्त्याने काही माणसं हातात रिकाम्या वेताच्या टोपल्या घेऊन चाललीत. माझ्याकडे येताना यांच्याकडे कधी पिशवी नसते, "द्या ना एक प्लास्टिकची" म्हणून दात काढतात. इथे टोपल्या! मी त्यांच्या मागे चालू लागलो. वाचनालयाच्या मागच्या पटांगणात निघाला एकदाचा बाजार.

काय सांगू तो थाट. एक दाढीवाला कोपऱ्यात गिटार वाजवत होता, आणि दोघं-तिघं डोळे मिटून बिटाचा वास घेत होते. एक बाप आपल्या पोराला सांगत होता, "बघ बाळा, याला वांगं म्हणतात." पोरगा चांगला मिसरूड फुटायला आलेला. एक बाई कोबी हातात धरून ओरडली, "अगं, अळी! खरी अळी!" आणि मैत्रिणीला फोटो काढायला लावला. हीच बाई माझ्या दुकानात अळी निघाली असती तर कोबी माझ्या तोंडावर फेकून गेली असती. भाव कुणी करत नव्हतं. सांगितलेला आकडा मान डोलवून देत होते आणि वर "थँक यू हां" म्हणत होते. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात. इथे काहीच पिकत नव्हतं, आणि विकलं जात होतं ते बघून माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

आमची कन्या शेवटच्या टेबलामागे उभी होती. डोक्यावर गवती टोपी, कमरेला गोणपाटाचा ॲप्रन. घरात साधं गोणपाट उचलायला सांगितलं तर नाक मुरडते. समोर माझी वाकडी गाजरं, आणि गाजरांना माती.

मी चाट पडलो. ही गाजरं घाऊक बाजारात यंत्रात धुऊन येतात. मी स्वतः आणली, लख्ख होती. जवळ जाऊन एक उचललं. मातीत तांबूस भुसा दिसला. नारळाचा. आमच्या गॅलरीतल्या कुंड्यांत घालायला बायको पिशवीतून विकत आणते, तीच ही माती. पोरीने धुतलेल्या गाजरांना कुंडीतली माती फासली होती!

"बाबा?" तिचा चेहरा पांढरा पडला. "तुम्ही इथे?"

"हो, मी इथे. लाज वाटत नाही? अगं, सोंगच करायचं तर नीट तरी कर. शेतात नारळाचा भुसा असतो का गं?"

"हळू बोला ना बाबा."

"का हळू बोलू? मी कुणाला फसवलेलं नाही. चल, आवर हे. दुकान बंद ठेवून आलोय."

"मी नाही येणार." आवाज बारीक, पण हलली नाही. "त्या दुकानात दिवसभर काय ऐकायचं मी? हे शिळं, ते महाग, तुम्ही चोर. इथे लोक माझ्याशी माणसासारखं बोलतात. त्यांना मी आवडते. तुम्ही सांगणार असाल समितीला तर सांगा. इथली जागा गेली तरी तुमच्या दुकानात मी पाऊल टाकायची नाही. दुसरीकडे कुठेतरी नोकरी करीन."

मी उत्तर देणार तोच समिती आली. गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली चार माणसं, आणि सगळ्यांच्या पुढे कोण? आमच्या अंगठेबाई. इथे त्या अध्यक्ष! टेबलासमोर हात मागे बांधून उभ्या राहिल्या. टोमॅटोला बोटसुद्धा लावलं नाही, देवळात उभं राहावं तशा उभ्या. मला वाटलं, आता बाई मला ओळखणार आणि माझं काम फुकटात होणार.

बाईंनी मान वर केली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत पाहिलं. आणि म्हणाल्या, "हे तुझे बाबा का गं? म्हणजे पिकवणारे हेच? नमस्कार, दादा! तुम्हाला भेटायची किती इच्छा होती."

ओळखलं नाही हो बाईने! ज्या माणसाच्या हातून रोज भाजी खाल्ली त्याचं तोंड तिला ठाऊक नव्हतं.

"इथे येणारे सगळे खरे शेतकरी आहेत ना, याची आम्ही फार काळजी घेतो," बाई सांगत होत्या. "आमच्या इथला कोपऱ्यावरचा भाजीवाला, काय सांगू तुम्हाला. शिळा माल ताजा म्हणून गळ्यात मारायचा. एक नंबरचा लबाड."

त्या क्षणी बाईच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. मी! शिळा माल! पोरीने खाली मान घातली. तिला ठाऊक होतं ते खोटं आहे. पण बोलली नाही.

एवढ्यात समितीतल्या एका चष्मेवाल्याने गाजर उचललं, नखाने माती खरवडली आणि भुवया वर केल्या. "हा भुसा कसला? हे कुंडीत वापरतात ते कोकोपीट ना?"

झालं. आता काही बोलायचीसुद्धा गरज नव्हती. नुसतं गप्प राहिलो असतो तरी पुरे होतं. पोरीकडे पाहिलं. तिने टेबलाची कड घट्ट धरली होती आणि तिचा खालचा ओठ थरथरत होता. शाळेत पहिल्या दिवशी सोडून निघालो तेव्हा असाच थरथरत होता.

"तुम्ही कधी गाजर लावलंय का?" मी चष्मेवाल्याला विचारलं.

"अं... नाही."

"मग नखं कशाला घालता? आमची जमीन कातळाची. नांगराचा फाळ वाकतो, तिथे गाजर काय उतरणार? भुसा कालवून माती भुसभुशीत करावी लागते. या वर्षी भुसा कमी पडला, म्हणून गाजरं वाकडी आली. सरळ पाहिजेत तर त्या कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याकडे जा. ठेवा ते खाली."

नांगर मी फक्त चित्रात पाहिलाय. कुठून सुचलं देव जाणे. चष्मेवाल्याने गाजर दोन्ही हातांनी खाली ठेवलं आणि सॉरी म्हणाला. मागे माणसं जमली. अंगठेबाईंच्या डोळ्यांत पाणी. "बघा," त्या समितीला म्हणाल्या, "याला म्हणतात मातीतला माणूस. तोंडाने फटकळ, पण मनाने आरसा."

आयुष्यभर मी याच तोंडाने खरं बोललो, तर मी उर्मट आणि लबाड. आज धडधडीत खोटं बोललो, तर मनाने आरसा! मग मला चेवच चढला. एकीने कोबीला औषध मारता का विचारलं, तिला म्हटलं, "अळीला विचारा." लोक टाळ्या पिटायचे तेवढे राहिले. वांग्यावरचे चट्टे उन्हाचे म्हणून सांगितले. टोमॅटो परवाचे होते. बाई म्हणाल्या, "आज सकाळी तोडलेत ना?" आणि मी म्हटलं, "पहाटे. दव अंगावर होतं." टोमॅटो, वांगी, गाजरं, सगळं टेबल साफ झालं. समितीने उभ्या उभ्या पोरीला कायमची जागा दिली. बाईंनी माझ्याबरोबर फोटो काढला.

गर्दी पांगली. मी खुर्चीवर बसलो. जीभ कोरडी पडली होती. आता पोरगी काय म्हणेल याची वाट बघत होतो. वाटलं, म्हणेल, बाबा, माझ्यापायी तुम्हाला खोटं बोलावं लागलं, चुकलं माझं, चला घरी.

तिने येऊन मला गच्च मिठी मारली. भर बाजारात. डोळे चमकत होते तिचे.

"बाबा, कसलं भारी बोललात! मला वाटलंच नव्हतं तुम्ही असं करू शकाल. खरंच, आज मला तुमचा अभिमान वाटला."

काउंटरखाली बसून तिने मला रोज पाहिलं होतं. हे कालचं आहे बाई, हे नका घेऊ, असं सांगताना. गिऱ्हाईक तोंड वाकडं करून निघून जाताना. त्यातल्या एकाही दिवशी ती असं काही म्हणाली नव्हती.

"पुढच्या रविवारी पण याल ना?" तिने विचारलं.

मी हो म्हणालो.