पोर्चच्या तीन पायऱ्या

कर्नल कधीही सैन्यात नव्हता. शहराच्या ऐन मध्यावर, चौकाच्या तोंडाशी असलेल्या मोठ्या हॉटेलच्या दारात तो एकतीस वर्षं उभा होता, आणि तिथल्या पितळी बटणांच्या लाल कोटामुळे गल्लीतल्या पोरांनी त्याला हे नाव ठेवलं होतं. कोट निवृत्तीच्या दिवशी हॉटेलने परत घेतला, नाव मात्र राहिलं, आणि ऐटही राहिली. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, त्यातली गत. बँकेत गेला तरी तो आधी दार उघडून धरायचा, मागून येणारा शेवटचा माणूस आत जाईपर्यंत धरायचा, आणि आत रांगेत उभी असलेली बायको चरफडत त्याची वाट बघायची.

बायकोही त्याच हॉटेलात होती. तळघरातल्या कपड्यांच्या खोलीत बसून ती रफू करायची. फाटलेल्या चादरी, विरलेले पडदे, सिगारेटीने भोकं पडलेले टेबलक्लॉथ तिने सव्वीस वर्षं असे सांधले की पाहुण्यांना कधी टाका दिसला नाही. नवराबायकोचा मालक एक, छप्पर एक, दारं मात्र दोन. पाहुण्यांनी पुढून यायचं आणि नोकरमाणसांनी मागच्या गल्लीतून, असा नियम होता. दरवानांची कपडे बदलायची टीचभर खोली पोर्चला लागूनच असल्यामुळे कर्नलचा त्या गल्लीशी कधी संबंध आला नाही. त्याने मंत्र्यांना दार उघडलं, नटांना उघडलं, बिल बुडवून पळणाऱ्या भामट्यांनासुद्धा अदबीने उघडलं. फक्त घरच्या माणसाला उघडलं नाही.

आणि एकदा तर घरचं माणूस समोर येऊन उभं राहिलं होतं.

मुलगी तेव्हा चार वर्षांची होती. बायको त्या दिवशी रजेवर होती. पोरीला सकाळपासून ताप, दुपारी तो मस्तकात गेला आणि तिला झटका आला. डोळे फिरवलेली पोर खांद्यावर टाकून बायको दोन रस्ते धावत थेट पोर्चशी आली, कारण फोन तिथे होता आणि नवराही तिथे होता. नेमका मॅनेजर कुणा बड्या पाहुण्याला निरोप द्यायला दारात उभा. "अहो, पोरीला बघा हो," एवढंच ती म्हणाली. कर्नलने पांढऱ्या हातमोज्यातला हात उचलला आणि गल्लीकडे बोट दाखवलं.

"मागून."

ती वळली. मागून गेली, धुलाईखान्यातून फोन लावला, डॉक्टर आला, पोरगी वाचली. आज ती दोन लेकरांची आई आहे आणि तिला यातलं अवाक्षर आठवत नाही. पण कर्नलला आठवत होतं. बायको भांडली असती तर बरं झालं असतं, आणि भांडायला ती काही कमी करणारी नव्हती. खुंटीवर टॉवेल उलटा टांगला तरी अर्धा तास पुरायचा तिला. पण त्या दिवसाबद्दल ती मूग गिळून बसली, आणि तिने गिळलेले ते मूग छत्तीस वर्षं कर्नलच्या पोटात दुखत राहिले.

त्याने मनाशी एक ठरवलं होतं. हॉटेल उभं आहे तोवर एक दिवस तिला त्याच दारातून, कडक सलाम ठोकून, आत न्यायचं. नोकरीत असताना ते जमलं नाही. निवृत्तीनंतर आज नेऊ, उद्या नेऊ करत दहा वर्षं गेली. तोवर हॉटेलची अवस्था बडा घर पोकळ वासा अशी होत गेली. वरचे मजले बंद झाले, मग दिवे बंद झाले, आणि एके दिवशी चौकात पत्र्याचं कुंपण उभं राहिलं. कुंपणावर भलं मोठं चित्र होतं. हॉटेल पाडून त्या जागी बसस्थानक होणार होतं. कर्नल चष्मा पुसून ते चित्र बराच वेळ बघत राहिला. वर छप्पर, खाली खांब, चारी बाजूंनी उघडं.

"दारच नाही गं याला," तो घरी येऊन म्हणाला.

"बसला कशाला हवं दार?" बायको म्हणाली. "लोक दाराशी ताटकळायला येतात की गाडी पकडायला?"

चार दिवसांनी पाडकामावरची इंजिनीअर पत्ता शोधत त्यांच्या घरी आली. मुलीच्याच वयाची असेल, बुटांवर सिमेंटची धूळ, काखेत नकाशांची गुंडाळी.

"काका, तुम्ही तिथे एकतीस वर्षं होतात ना? माझी एक मोठी अडचण झालीये."

कर्नल खुर्चीत ताठ बसला. "हॉटेलची खडान्खडा माहिती आहे मला. विचारा."

"तळघराच्या खाली पाण्याचं जुनं टाकं आहे म्हणतात. नकाशात कुठेच दाखवलेलं नाही. आणि ते नेमकं कुठे आहे हे कळल्याशिवाय मला वर यंत्र चढवता येत नाही. फरशी खचली तर यंत्र ड्रायव्हरसकट खाली जाईल. कुठे आहे ते टाकं?"

खरं सांगायचं तर त्याचं हॉटेल लॉबीतल्या गालिच्याच्या काठाशी संपत होतं. त्यापलीकडे त्याने पाऊल टाकलं नव्हतं.

"पाणी... नळाला यायचं," तो म्हणाला.

बायको ओले हात पुसत बाहेर आली. "धुलाईखान्यात. गल्लीकडच्या भिंतीपासून सात फरश्या सोडून, आठवीखाली. झाकण आहे लोखंडी. उन्हाळ्यात मी त्यावरच बसायचे बटणं लावायला, गार लागायचं."

इंजिनीअरने एकदा कर्नलकडे पाहिलं, एकदा बायकोकडे, आणि हसू दाबलं. "काखेत कळसा नि गावाला वळसा. काकू, येऊन दाखवाल?"

"तिचं काय, येईल ती," कर्नल घाईने मध्ये पडला. मग ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं, असा विचार करून त्याने सरळच सांगितलं. "पण एक अट आहे. हिला पुढच्या दारातून आत न्यायचं. दार मी उघडणार."

बायकोने त्याच्याकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी कर्नलने गुळगुळीत दाढी केली, बुटांना पॉलिश केलं. दहाच्या सुमाराला तिघं पत्र्याच्या फटीतून आत शिरली, डोक्यावर पिवळी हेल्मेटं चढवली, आणि पोर्चसमोर येऊन उभी राहिली.

वरचे दोन मजले नव्हतेच. पोर्च होता, त्याच्या तीन दगडी पायऱ्या होत्या, पण दाराच्या जागी नुसती चौकट. सागवानी दाराच्या दोन्ही फळ्या, त्यांच्या पितळी मुठींसकट, गायब. त्या मुठी रोज सकाळी चिंच लावून कर्नलने चमकवल्या होत्या. चौकटीत छातीपर्यंत राडारोडा साचला होता.

"अगंबाई," इंजिनीअर ओशाळली. "दार परवापर्यंत होतं, काका. लिलावात गेलं, ते उचलून नेतील आज-उद्या एवढंच माहीत होतं. आणि हा ढीग कालचा दिसतोय. सॉरी. इथून नाही जाता येणार." तिने हात उचलून गल्लीकडे दाखवलं. "मागून जाऊ."

त्या मुलीला बिचारीला काय ठाऊक! पण कर्नलच्या कुणी थोबाडीत मारावी तसं झालं. तोच शब्द, तोच हात, तीच जागा.

"तुम्ही जा," तो म्हणाला आणि मटकन खालच्या पायरीवर बसला.

बायकोने क्षणभर वाट पाहिली. मग इंजिनीअरला म्हणाली, "चल बाई, मला पाठ आहे रस्ता." आणि दोघी कोपऱ्यावरून वळून दिसेनाशा झाल्या.

कर्नल बसून राहिला. त्याला मनापासून वाईट वाटत होतं आणि स्वतःचा रागही येत होता. दहा वर्षं रिकामा होता. दार होतं, बायको होती, पाय चालत होते. घोडं अडलं होतं कुठे? लाजेत. दाराशी नेलं की त्या दिवसाचा विषय निघणार, आणि तो निघू नये म्हणून त्याने दारच टाळलं होतं.

"अहो."

त्याने मान वळवली. कुणी नव्हतं.

"अहो कर्नल! खाली बघा, खाली."

पायऱ्यांच्या बाजूला, जमिनीलगत भिंतीत एक गजांची खिडकी होती. जेमतेम वीतभर उंच. आजवर तो तिला गटाराचा झरोका समजत आला होता. गजांमागे बायकोचा चेहरा दिसत होता.

तो गुडघे टेकून वाकला. "तू इथे काय करतेस?"

"ही माझीच खोली. ती पोरगी पलीकडे टाक्यावर खुणा करतेय." तिने गजांवरची धूळ बोटाने पुसली. "खिडकी एवढीच. सुईत दोरा ओवायला इथे यायचे."

"इथून दिसायचं काय तुला?"

"तुम्ही."

"मी?"

"गुडघ्याखालचे तुम्ही. सव्वीस वर्षं. उजवा पाय उचलून डाव्यावर भार दिलात की समजायचे, आज गुडघा धरलाय. घरी गेल्यावर पाणी तापवायला हवं."

कर्नल बघतच राहिला. कित्येक संध्याकाळी तो घरी पोचायचा तेव्हा मिठाच्या गरम पाण्याची बादली तयार असायची, आणि ज्या दिवशी दुखत नसे त्या दिवशी नसायची. कसं कळतं विचारलं की "कळतं मला" म्हणायची. बायकांना कळतं, अशी स्वतःची समजूत घालून तो पाय बुडवून बसायचा.

मग त्याच्या लक्षात आलं.

"पोरीला घेऊन आलीस... त्या दिवशीही इथेच होतीस?"

"मग कुठे असणार? फोन केला, तिला इथे चादरींच्या ढिगावर निजवलं, डोक्यावर ओली पट्टी ठेवली. डॉक्टर येईपर्यंत बघायला दुसरं होतं काय?"

"काय दिसलं?"

पलीकडून इंजिनीअरचा मोजपट्टी ओढल्याचा आवाज आला.

"मॅनेजरचे बूट आत गेले," ती म्हणाली. "मग तुम्ही पायऱ्या उतरलात. एक, दोन, तीन. गल्लीच्या बाजूला वळलात. बुटांची टोकं इकडे होती, माझ्याकडे. तेवढ्यात कुठल्याशा गाडीने हॉर्न वाजवला. परत वर गेलात."

त्या तीन पायऱ्या कर्नल विसरला नव्हता. पण त्याच्या लेखी तो भित्रेपणाचा आणखी एक पुरावा होता. निघाला आणि एका हॉर्नला परत फिरला, हे कुणी पाहिलं नाही एवढंच नशीब, असं तो समजत आला होता.

"इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"काय बोलणार होते? राग होता मला. अजून आहे." तिचा आवाज तापला नव्हता. "कोपऱ्यापर्यंत आला असतात ना, तर तेव्हाच गेला असता. आणि एकही पायरी उतरला नसतात, तर पोरीला घेऊन मी माहेरी गेले असते. तीनच उतरलात. म्हणून दोन्हीतलं काही झालं नाही, नि संसार झाला."

कर्नलला रडू आलं. गजांवर हात ठेवून तो तसाच बसून राहिला, आणि बायकोनेही त्याला उठा म्हटलं नाही.

मग तो आपण होऊन उठला. गुडघे कुरकुरले. लाल कोट नव्हता, हातमोजे नव्हते, डोक्यावर वाकडं झालेलं हेल्मेट होतं. तो पायऱ्या चढून पोर्चवर आपल्या जुन्या जागी, चौकटीच्या डाव्या अंगाला, जाऊन उभा राहिला. आणि उतरायला लागला. एक. दोन. तीन. गल्लीच्या बाजूला वळला.

मागे राडारोड्याच्या ट्रकने कर्कश हॉर्न वाजवला. "ओ काका, बाजूला व्हा!" ड्रायव्हर ओरडला. कर्नलने मागे न बघता एक हात वर केला आणि चौथं पाऊल टाकलं. पाचवं टाकलं. खिडकीसमोरून गेला तेव्हा खाली बघितलं नाही. बघणारी बघत होती. कोपरा ओलांडला, गल्लीत शिरला. मागच्या दाराशी पोचेतो पुरी एकेचाळीस पावलं भरली.

मागचं दार कुणी लिलावात घेतलं नव्हतं. पत्रा मारलेलं, खालून कुजलेलं, त्याला मूठसुद्धा नव्हती, नुसता दोरीचा फास. कर्नल त्याच्या बाजूला ताठ उभा राहिला आणि त्याने कान दिला. दार कधी उघडायचं हे पावलांवरून ठरतं. फार आधी उघडलं तर आगाऊपणा, उशीर केला तर पाहुण्याचा हात दाराला लागतो. आत जिन्यावर पावलं वाजत होती. ती थकली होती, दर चार पायऱ्यांना थांबत होती. तो थांबला. शेवटची पायरी वाजली, आणखी दोन पावलं झाली, आणि त्याने दोरी ओढली.

दार अडलं. खांदा लावून, हिसका देऊन त्याने ते सताड उघडलं आणि सलाम ठोकला.

बायको उंबऱ्यात उभी होती. केसांत जाळी लागलेली. तिने त्याच्या हेल्मेटपासून बुटांपर्यंत नजर फिरवली.

"उशीर झाला," कर्नल म्हणाला.

"झाला," ती म्हणाली, आणि त्याने धरलेल्या दारातून बाहेर आली.

आता तिथे बसस्थानक आहे. मुलीच्या गावाला जाणारी गाडी गल्लीच्या बाजूला लागते. गाडी आली की बायको आधी चढून दोन जागा धरते, आणि कर्नल दाराशी बाजूला उभा राहून "या, या" करत सगळ्यांना चढू देतो. कंडक्टर वैतागतो. ती खिडकीशी बसून खाली त्याच्या बुटांकडे बघत असते. उजवा पाय उचललेला दिसला तर मुलीला फोन करून सांगते, आम्ही निघालोय, पाणी तापवून ठेव.