दुबईचा डबा

राखीचं पेडल सकाळी चांगलं वाजायचं आणि दुपारी खोकायला लागायचं.

लिंबायतमधल्या त्यांच्या वरच्या खोलीवर पत्रे होते. ऊन चढलं की पत्रे तापायचे आणि त्याखाली जर्मेनियमचे जुने ट्रान्झिस्टर बिघडायचे. सकाळी ज्या सर्किटमधून गिटारचा सूर जाड, भरलेला, लांबत लांबत बाहेर पडायचा, त्यातूनच जेवणाच्या सुमाराला फाटक्या कागदावर फुंकर मारावी तसा फर्र आवाज यायचा. राखी सोल्डर सोडवायची, ट्रान्झिस्टर बदलायची, पुन्हा डाग द्यायची. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा फर्र.

आठवडाभर ती एका कारखान्यात भरतकामाच्या मशीनसाठी कम्प्युटरवर डिझाईनं बनवायची. साड्यांच्या काठांचे मोर, कैऱ्या, वेली. सुट्टीच्या दिवशी मात्र खिडकीपाशी बसून गिटारची पेडलं जोडायची. पेडल म्हणजे गिटार आणि स्पीकरच्या मधे ठेवायची, पायानं दाबली की सूर बदलणारी लोखंडी डबी. भिंतीवरच्या फळीवर तिनं जमवलेली बंद पेडलं रांगेनं मांडलेली होती. कुठून कुठून मागवलेली, शनिवारी बाजारात भंगारातून उचललेली. प्रत्येक पेडल तिनं उघडून पाहिलं होतं, बरीचशी चालू केली होती, विकलं एकही नव्हतं. ती स्वतः गिटार जेमतेम वाजवायची. वाजवायचा तिचा धाकटा भाऊ, प्रदीप. तो एका ऑर्केस्ट्रात होता. जयंतीचे कार्यक्रम, भीमगीतं, लग्नं, हळदी.

"ताई, सोड ना," तो म्हणायचा. "फोनमधल्या ॲपमध्ये सगळे आवाज मिळतात. उन्हातही मिळतात."

"मग ॲपच वापर. मला कशाला विचारतोस?"

"तुझा आवाज चांगला आहे गं. पण तुझा डबा आजारी असतो त्याला काय करू?"

आई, प्रभावती, घरात अहिराणीच बोलायची. ती खालून हाक मारायची, "जेवाले ये वं, पोरी." राखीला हाक ऐकू यायची, पण हातातला चिमटा सुटायचा नाही. रेडिओवाल्यांच्या जुन्या मालातून तिनं मूठभर ट्रान्झिस्टर मिळवले होते. त्यातले बहुतेक गळके, बंद असतानाही आतून वीज झिरपू देणारे निघाले. एक-एक तपासून, वैतागून बाजूला फेकत शेवटी तिला त्यातल्या त्यात थंड डोक्याचे काही सापडले. शिवाय डब्याच्या कडेला तिनं एक छोटी खुंटी काढली. ऊन वाढलं की ती जराशी फिरवायची, आवाज परत जाग्यावर येतो. एवढी साधी गोष्ट सुचायला सगळा हिवाळा गेला, याचाच तिला जास्त राग आला होता.

जयंतीच्या कार्यक्रमाला ती मुद्दाम भर दुपारी प्रदीपबरोबर मैदानात गेली. मांडवाखाली भट्टीसारखं तापलं होतं. साऊंड चेकला प्रदीपनं पेडल दाबलं, राखीनं वाकून खुंटी फिरवली, आणि सूर असा उठला की खुर्च्या लावणारी माणसं थांबून बघायला लागली. मधे प्रदीपनं हात थांबवला की स्पीकरमधून घूंऽऽ असा बारीक आवाज यायचा, पण पुढचा सूर आला की तो बुडून जायचा.

नरेंद्रभाई स्टेजवर चढून आले. हे बारडोलीचे. तिकडच्या सगळ्या ऑर्केस्ट्रांत गिटार म्हटलं की नरेंद्रभाईच. पोरं त्यांच्या पाया पडायची. त्यांनी खाली बसून डब्याला हात लावला.

"काय चीज आहे ही! कुठून आणली?"

राखीच्या हातात केबलचं भेंडोळं होतं. तिनं तोंड उघडलं, तेवढ्यात प्रदीप म्हणाला, "दुबईचा आहे, नरेंद्रभाई. मित्रानं पाठवला."

"तरीच. आपल्याकडे कुठे असला माल मिळतो? ही घूं मात्र इथल्या लाईनची. मांडवाची वायरिंग म्हणजे..." त्यांनी हात झटकला. "डबा एक नंबर."

राखीला बोलायचं होतं, पण स्टेजखाली लोक जमले होते, कोणी माईक तपासत होतं, आणि ती तिथे उभी राहून 'तो मी बनवला' असं ओरडली असती तर भाऊ सगळ्यांदेखत खोटा पडला असता. कार्यक्रम संपेपर्यंत ती भेंडोळं तसंच धरून बसली.

रिक्षात बसल्यावर तिनं विचारलं, "दुबईत कोण मित्र आहे तुझा?"

"ताई, ऐक. त्यांना सांगितलं असतं ना, घरी बहिणीनं बनवलाय, तर त्यांनी हातसुद्धा लावला नसता."

"लावला असता."

"नसता. तुला माहीत नाही ही माणसं. वर म्हणाले असते, घूं कसली येते याच्यात."

"तुला लाज वाटली ते सांग."

"लाज नाही गं..."

"मग काय?"

प्रदीप रस्त्याकडे बघत राहिला. रिक्षावाल्यानं गाण्याचा आवाज वाढवला. राखीला सगळा हिवाळा आठवत होता, भाजलेली बोटं, फेकलेले ट्रान्झिस्टर, आईच्या थंड झालेल्या भाकरी, आणि त्या सगळ्याला एका वाक्यात परदेशी करून टाकणारा हा पोरगा शेजारी बसून नखं खात होता. घरी जाऊन तिनं पेडल फळीवर ठेवलं. "यापुढे ॲपवर वाजव," म्हणाली.

प्रदीप ॲपवर वाजवायला लागला. दोघांचं बोलणं कामापुरतं उरलं. मग एका रविवारी तो तिच्यासाठी चहा घेऊन वर आला तेव्हाच तिला कळलं की काहीतरी अडलंय.

"नरेंद्रभाईंना तसाच एक पाहिजे."

"दुबईला फोन कर."

"ताई, रोज फोन येतो त्यांचा. मित्राला सांग, मित्राला सांग. मी आता काय सांगू?"

"मित्र मेला म्हणून सांग."

प्रदीप हसला नाही. त्याचा चेहरा खरोखर पडला होता. पुढे लग्नसराई होती, आणि नरेंद्रभाई शब्द टाकतील तिथेच त्याला बोलावणं येणार होतं. राखीला त्याची कीव आली आणि कीव आली म्हणून स्वतःचाच संताप आला.

"बनवते," ती शेवटी म्हणाली. "पण द्यायला मी येणार. आणि कोणी बनवलाय ते तू सांगणार. माझ्यासमोर."

त्यानं मान हलवली.

चांगल्या ट्रान्झिस्टरची शेवटची जोडी तिनं त्या डब्यात घातली. तसे आणखी मिळतील याची काही खात्री नव्हती. डब्याला तिनं निळा रंग दिला, वर बारीक ब्रशनं एक वेल काढली, साडीच्या काठासारखी. पत्र्याखाली भर दुपारी तपासला. खुंटी जराशी फिरवली की सूर सरळ. घूं नाही की फर्र नाही. एवढं नीट काम तिच्या हातून आधी झालं नव्हतं.

चलथाणला साखर कारखान्याच्या बाजूला एका लग्नात नरेंद्रभाईंचा कार्यक्रम होता. दुपारीच दोघं पोहोचले. स्टेज तयार होतं. रंगीत दिव्यांच्या रांगा लागलेल्या, त्या मंद-तेज करणारी पेटी नेमकी गिटारच्या जागेमागे ठेवलेली.

"जय भीम, नरेंद्रभाई," प्रदीप म्हणाला आणि डब्यावरचं फडकं सोडायला लागला. राखीनं त्याच्याकडे पाहिलं. त्यानं डबा पुढे केला. "हा डबा... म्हणजे दोन्ही डबे... ताईनं बनवलेत. घरी. दुबई वगैरे काही नाही. मी उगाच बोललो."

नरेंद्रभाईंनी आधी त्याच्याकडे, मग तिच्याकडे पाहिलं. "तुम्ही, बेन?"

"हो."

"शिकलात कुठे?"

"बघून बघून. चुकून चुकून."

"सारू, चांगलं," ते म्हणाले, पण तो 'सारू' मोकळा नव्हता, ओठांतच राहिला. त्यांनी गिटार जोडली, पेडल दाबलं, सूर काढला. सूर चांगला होता. राखीला तो पाठ होता, पत्र्याखाली येत होता तसाच. त्यांनी हात थांबवला, आणि स्पीकरमधून घूंऽऽ आली. जयंतीला होती त्यापेक्षा मोठी.

"हे काय?"

"दिव्यांच्या पेटीमुळे येतंय," राखी म्हणाली. "तुमच्या गिटारच्या तारांखालचे पिकअप ते पकडतात, पेडल त्याला मोठं करतं. थांबा."

तिनं पेडलला बॅटरी लावून दाखवली. घूं तशीच. "बघा, लाईन काढली तरी आहे. म्हणजे डब्यातून नाही, गिटारमधून येतेय. आता जरा तिकडे वळा. पेटीकडे बाजू करा."

नरेंद्रभाई वळले. घूं एकदम खाली गेली. परत समोर वळले, परत वाढली.

"पाहिलंत?"

"मग काय, बेन, नवरा-नवरीकडे पाठ करून वाजवू?" ते म्हणाले. मागे उभी असलेली दोन पोरं हसली.

"पेटी हलवायला सांगा. बाजूला केली तरी पुरे."

पेटी चंदू नावाच्या लायटिंगवाल्याची होती आणि चंदू जेवायला गेला होता. राखी मांडवाच्या मागे गेली, स्वयंपाकाच्या धुरातून त्याला शोधून काढलं. तो पत्रावळीवरून मान वर न करता म्हणाला, "आता वायरी बांधल्यात. नाही हलणार." तिनं विनवलं, मग आवाज चढवला. त्यानं आणखी भात वाढून घेतला.

ती परत आली तेव्हा नरेंद्रभाईंनी केबल काढून टाकली होती.

"आवाज बराबर आहे," ते समजुतीच्या सुरात म्हणाले. "पण घरगुती कामात असं राहतंच. कंपनीच्या मालात ही घूं नसते."

"जयंतीला पण होती," राखी म्हणाली. "तुम्ही म्हणालात लाईनची आहे."

"असेल."

"असाच डबा होता, नरेंद्रभाई. तेव्हा लाईन खराब होती आणि आता डबा खराब?"

नरेंद्रभाई तारा सुरात लावायला लागले. राखीला डोळ्यांत पाणी येतंय असं वाटलं आणि ते येऊ नये म्हणून तिनं खाली बसून निळा डबा फडक्यात गुंडाळला, गाठ मारली, पुन्हा सोडली, पुन्हा मारली.

"ताई, थांब," प्रदीप म्हणाला. मग नरेंद्रभाईंना म्हणाला, "तुम्ही तिचं नीट ऐकलं पण नाही." तो त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला. "दुबईचा म्हटलं की चांगला, हे मीच शिकवलं तुम्हाला. मी खोटं बोललो म्हणून तुम्हाला तो आवडला."

"पद्या, चल," राखी म्हणाली.

परतताना दोघं बसमध्ये मागच्या सीटवर बसले. प्रदीपनं माफी मागितली. तिनं "ठीक आहे" म्हटलं, पण ठीक काही नव्हतं आणि दोघांनाही ते माहीत होतं. त्या सीझनला नरेंद्रभाईंकडून एकही बोलावणं आलं नाही. प्रदीप दुसऱ्यांकडे, लहान कार्यक्रमांत वाजवत राहिला. पहिला डबा मात्र त्यानं मागून नेला. कोणी विचारलं की बहिणीनं बनवला म्हणून सांगायचा, आणि घरी येऊन कोण काय म्हणालं तेही सांगायचा. काही जण खरंच हात लावत नव्हते. एकानं विचारलं होतं, करंट तर नाही ना लागणार? ते ऐकून राखीनं सोल्डरची कांडी भिंतीवर आपटली होती.

लग्नसराई संपल्यावर एका रविवारी दुपारी नरेंद्रभाईच दारात उभे राहिले. हातात पिशवी, खांद्यावर गिटार. आईनं पाणी दिलं. पिशवीत त्यांचं एक जुनं परदेशी पेडल होतं, बंद पडलेलं.

"कोणी हात लावायला तयार नाही," ते म्हणाले. "प्रदीप म्हणायचा तुम्ही बंद पडलेली चालू करता."

दुरुस्तीला मी चालते, राखीच्या मनात आलं. पण ते पेडल तिनं फक्त फोटोत पाहिलं होतं, आणि हात आपोआप पुढे गेला. आत एक जॅक तुटला होता, एका तारेला गंज चढला होता. ती काम करत असताना नरेंद्रभाई खोलीभर बघत होते. फळीवर निळा डबा होता.

"हा लावून बघू?"

तिनं मान हलवली. त्यांनी गिटार जोडली आणि वाजवायला लागले. पत्रे तापले होते. त्यांनी न विचारता खुंटी फिरवली आणि सूर जाग्यावर आणला. बराच वेळ वाजवत राहिले. खालून आईनं पंखा बंद करून कान दिला. मग त्यांनी तारांवर तळवा ठेवला. स्पीकरमधून काहीही आलं नाही.

"घूं नाही इथे."

"नाही येणार."

"तेव्हा पेटीच होती मग."

"सांगितलं होतं मी."

नरेंद्रभाईंनी मान खाली घातली. "हो. सांगितलं होतं." मग म्हणाले, "हा मला द्या, बेन."

राखीनं दुरुस्त केलेलं पेडल त्यांच्यापुढे ठेवलं. ओठांवर किती तरी बोलणी आली होती. चलथाणची, हसणाऱ्या पोरांची, त्या 'घरगुती'ची.

"हा नाही मिळणार," ती म्हणाली. "हा माझ्याकडे राहील. आणि त्यातले ट्रान्झिस्टर आता सापडत नाहीत."

"सापडले तर?"

"सापडले तर बघू."

ते उठले, चप्पल घातली, जिना उतरले. राखीला वाटलं होतं की हे म्हटल्यावर हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. ती खिडकीपाशी बसली, भंगारातून आणलेल्या एका फुटक्या रेडिओचं झाकण उघडलं आणि आतले ट्रान्झिस्टर एक-एक काढून तपासायला लागली. पहिला गळका निघाला.