नावाड्याचं घर

पन्नाशी उलटली, केस पिकले, लेक शहरात नोकरीला लागली, तरी सगळं बेट तिला धाकटीच म्हणे. धाकट्या भावाची बायको, म्हणून धाकटी. तिची जाऊ ती थोरली. शेजारच्याच घरात राहायची, जिभेनं तिखट आणि हातानं सढळ. आणि धाकटीचा नवरा म्हणजे नावाडी. बंदरावरची माणसं बेटावर आणायची, बेटावरची बंदरावर सोडायची आणि जाता-येता गप्पा हाणायच्या, हा त्याचा धंदा. लोक म्हणायचे, बाबा, भाडं दोन पैसे जास्त घे, पण जरा गप्प बस.

नावेतून बेट जवळ आलं की माडांमधून एक झावळ्यांचं छप्पर आधी दिसतं. ते दिसलं की नावाडी छाती फुगवून हात लांब करायचा. "ते बघा, आमचं घर. आम्ही बांधलं."

आता हे आम्ही कोण, ते ऐका. घर उभं राहिलं तेव्हा हा गडी मोठ्या जहाजाच्या भटारखान्यात कांदे चिरत होता, तोही साता समुद्रांपलीकडे. माती तुडवून भिंती घातल्या त्या धाकटीनं. झावळ्या विणून छपराचे झाप केले ते थोरलीनं. दोघींनी मिळून आढं चढवलं, वासे बांधले, आणि हा परतला तो आयत्या बिळावर नागोबा. पुढेही दर साली घर शाकारायचं ते या दोघींनीच, हा आपला नावेवर. पण 'आम्ही' हा शब्द मोठा सोयीचा आहे. ऐकणाऱ्याला त्यात एकटा नावाडीच दिसायचा, आणि घराचं नावच पडलं नावाड्याचं घर.

बरं, माणूस लबाड नव्हता. इतक्यांदा सांगून सांगून त्याला स्वतःलाच ते खरं वाटायला लागलं होतं. आणि धाकटी तरी काय कमी? कुणी विचारलं की तिच्याच तोंडून निघायचं, "ह्यांनी बांधलंय." नवऱ्याला मोठेपणा द्यायची जिभेला लागलेली सवय, दुसरं काय. वर आतल्या आत जळायची ती वेगळीच. कुणीतरी एकदा, चारचौघांत, म्हणावं की हे घर हिनं बांधलं. एवढंच तिला हवं होतं. पण मागून मिळालं तर त्यात काय राम, म्हणून ती कधी बोलली नाही.

यंदा लेकीनं डोकं चालवलं. म्हणाली, तुम्ही दोघं मागच्या पडवीत राहा, पुढचं घर सुट्टीला येणाऱ्यांना देऊ. इंटरनेटवर जाहिरातही टाकली आणि शहरातून फोन करून आईला वाचून दाखवली. "बेटावरचं साधं, अस्सल घर."

"साधं?" धाकटी म्हणाली. "माझ्या घराला साधं म्हणतेस?"

"आई, लोकांना तेच हवं असतं गं."

"साधं हवं असेल तर माणसं आपल्या घरी बसतील. समुद्र ओलांडून कशाला कडमडतील?"

लेक हसली आणि फोन ठेवून मोकळी झाली. धाकटीचं मात्र डोकं फिरलं ते फिरलंच. पोटच्या पोरीनं घराला साधं म्हणावं म्हणजे झालंच की! पाहुणे येऊन नाक मुरडतील, चार ठिकाणी सांगतील. तिनं सगळं बेट पालथं घातलं. थोरलीचा सोफा आणला. दुकानदाराचा टीव्ही आणला, ज्यावर बेटावर काही म्हणजे काही दिसत नसे. शिंप्याचा पुरुषभर उंचीचा आरसा आणला. शाळेच्या मोठ्या बाईंकडून काचेचं झुंबर आणलं, ते उचलायला चार माणसं लागली. नावाड्यानं बोटीची गाठ मारून ते आढ्याला टांगलं आणि हात झटकत म्हणाला, "हत्ती टांगलास तरी हलायचं नाही."

थोरली दारात कमरेवर हात ठेवून उभी होती. "हे घर आहे की लिलाव?" ती म्हणाली. पण सोफ्यावरची धूळ तिनंच पुसली.

पाहुणे आले. दातांची डॉक्टरीण आणि तिचा नवरा, गणिताचा मास्तर. आत पाऊल टाकलं तर मास्तराच्या नडगीला सोफा लागला, मागे सरकला तर आरशात स्वतःलाच बघून दचकला. डॉक्टरीण डोळे मोठे करून नुसती सामानाकडे बघत राहिली. धाकटीला वाटलं, बाई दिपली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन ती गेली, तेव्हा डॉक्टरीणबाई अगदी हळू आवाजात बोलली. दात उपटायच्या आधी बोलत असेल तशी. "मावशी, राग मानू नका. हे सामान थोडं बाहेर ठेवलं तर चालेल का? घर कुठे दिसतच नाही."

धाकटीच्या मनाला ते फार लागलं. एवढी उस्तवार केली आणि वर हे. ती काही बोलणार, एवढ्यात डोक्यावर कर्रर्र आवाज झाला. झुंबराच्या वजनानं आढं किंचित वाकलं, काथ्याचे बंद सुटले, आणि तीन झाप सळसळत खाली आले. मागोमाग बोटीची गाठ निसटून झुंबर. ते नेमकं सोफ्यावर बसलं, एक काच फुटली नाही. इतक्या वर्षांत तो सोफा पहिल्यांदाच कुणाच्या उपयोगी पडला.

छपराला भगदाड पडलं आणि खोलीभर ऊन आलं.

आता गवगवा व्हायला कितीसा वेळ लागतो? बेट ते केवढं. दुकानदार आला, शिंपी आला, मोठ्या बाई आल्या, आपापल्या वस्तू शाबूत आहेत का बघायला. सगळं सामान अंगणात निघालं. दुपारचा वारा सुटायच्या आत छप्पर बुजवायला हवं होतं. नावाडी पुढे झाला. पाहुण्यांसमोर मागे कसा राहील? शिडी लावून वर चढला आणि झाप लावायला लागला, तोही वरून खाली.

कुंपणापलीकडून थोरलीचा आवाज आला. "भावजी, पाणी बाहेर घालवताय की आत बोलावताय?"

दुकानदार खो खो हसला. धाकटी शिडीपाशी गेली. "अहो, उतरा खाली," ती म्हणाली, आणि बाह्या सरसावून स्वतः वर गेली. आढ्यावर मांड ठोकून बसली. खालचा झाप आधी, त्याच्यावर दुसरा, त्याच्यावर तिसरा, दातात काथ्या धरून, एका हातानं पीळ देत. खाली मास्तर शिडी धरून आ वासून बघत राहिला.

डॉक्टरीण तेवढ्यात रिकाम्या खोलीत जाऊन आली. आता तिला घर दिसलं होतं. बाहेर येऊन तिनं नावाड्याला विचारलं, "काका, भिंतीच्या गिलाव्यावर बोटं फिरवल्याच्या खुणा आहेत. जमिनीपासून छपरापर्यंत. किती सुंदर हात आहे हो. कोणाचा?"

"ते होय? ते आम्ही..." नावाड्यानं तोंड उघडलं, आणि ते तसंच राहिलं. सगळे ऐकत होते. वर धाकटीचा हात थांबला. काथ्या दातातच होता. मनात म्हणाली, आता पुन्हा आम्ही. म्हणा, म्हणून टाका एकदाचं.

नावाड्याचे कान लाल झाले. गप्पिष्ट माणूस गप्प बसला की बघणाऱ्याला कसंसंच होतं. त्यानं एकदा छपराकडे बघितलं, बायकोकडे.

"मी नव्हतोच," तो म्हणाला. "मी जहाजावर होतो. हे घर हिनं बांधलंय. मी परत आलो तेव्हा धक्क्यावर उतरून पत्ता विचारत आलो, माझ्याच घराचा."

अंगणात कुणी हसलं नाही. धाकटी मनात म्हणाली, इतकी वर्षं हे ऐकायचं होतं, आणि ऐकलं तेव्हा आपण छपरावर, तोंडात काथ्या! तिनं काथ्या काढला. तिला इतका अभिमान वाटला की वाटलं, आता ओरडून सांगावं, होय, मीच. पण तोंड उघडलं आणि तिला समजलं की तेवढं म्हणणंही खरं नाही. 'मी' मध्येही कुणीतरी लपतंच.

"एकटीनं नाही," ती वरून म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. "छप्पर जाऊबाईंचं आहे. एकेक झाप त्यांनी विणलाय, अजून विणतात. माझ्या फक्त भिंती."

थोरलीला शब्द सापडत नाहीत, असं बेटानं त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. तिनं तोंड फिरवलं, नाक ओढलं. मग कुंपण ओलांडून सरळ डॉक्टरीणबाईपाशी आली. "फक्त म्हणे," ती म्हणाली. "किती वादळं गेली या भिंतींवरून. एक तडा दाखवा, मी नाव बदलीन." आणि शिडीला हात लावून वर ओरडली, "सावकाश उतर गं. कंबर मोडून घेशील."

पाहुणे सुट्टी संपेपर्यंत राहिले. एका चटईवर, त्या रिकाम्या खोलीत, आणि जाताना पुढच्या साली कधी येऊ ते ठरवूनच गेले. सोफा थोरलीच्या घरी परत गेला.

पुढच्या आठवड्यात धाकटी धक्क्यावर उभी होती, नवे पाहुणे घ्यायला. नाव अजून लांब होती, पण नावाड्याचा आवाज वाऱ्यावर आधी पोहोचला. आवाज आता पूर्वीपेक्षाही चढलेला होता.

"ते छप्पर दिसतंय ना? ते माझ्या वहिनीनं विणलंय. खालच्या भिंती माझ्या बायकोच्या. दोघी बायकांनी घर उभं केलं, बेटावर असं दुसरं नाही. मी? मी नव्हतोच हो तेव्हा!"

नावेतल्या सगळ्या माना धक्क्याकडे वळल्या. धाकटी थोडी पुढे सरकली, नीट दिसावी म्हणून.